शेवटच्या ओळीवर सरांनी काय लिहिलं

मी, वय एकोणऐंशी, अविवाहित, पियानोची शिक्षिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. भाचा शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचतो आहे. बऱ्याच वेळात पान उलटल्याचा आवाज आलेला नाही, याचीही नोंद असावी.

१. राहत्या दोन खोल्या भाच्याला. कपाटाची किल्ली मात्र त्याला देऊ नये.

२. पियानो, तो सुरात लावणाऱ्या गृहस्थांना. "बाई, याला गिऱ्हाईक मिळायचं नाही," असं ते दरवर्षी न विचारता सांगतात, तेव्हा त्यांचा त्यावर डोळा आहेच.

३. कपाटातल्या सहा वह्या. आमच्या सरांची एक रचना आम्ही सहा विद्यार्थ्यांनी उतरवून घेतली होती. कुठे हळू, कुठे जोरात, हे सरांनी प्रत्येकाच्या वहीत स्वतः पेन्सिलीने लिहिलं. शेवटच्या ओळीवर माझ्या वहीत ‘हळू’ आहे. सर गेल्यावर माझ्या गुरुबंधूने रचना छापली, तिथे ‘जोरात’!

भर सभेत मी विचारलं, "सरांचं अक्षर खोडलंस ना?"

"ताई, माझ्या वहीत तसंच आहे."

"मग दाखव."

त्याने वही दाखवली नाही. एकतीस वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही. बाकीच्या चार वह्या मिळवून भिंगाखाली तपासल्या. दोन हळू, दोन जोरात, खाडाखोड कुठेच नाही. त्याने दोघांना फितवलं, असं मी धरून चालले.

गेल्या महिन्यात त्याची मुलगी आली. "बाबा गेले. ही वही तुम्हाला द्यायला सांगितली होती."

अक्षर सरांचंच होतं. ‘जोरात’, आणि खाली बारीक : ‘किती घाबरशील?’ हे चारचौघांत दाखवायची त्याला लाज वाटली असणार. तो भीत भीत वाजवायचा. मी पियानो बडवायचे. सरांनी ज्याचा जसा हात तशी सूचना लिहिली होती. (तरीही अक्षरतज्ज्ञाचा दाखला घेतला आहे. सोबत जोडला आहे.)

सहाही वह्या त्या मुलीला. त्या वेगळ्या करू नयेत.

४. गुरुबंधूवरचा आरोप मी मागे घेते. तो ज्या सभागृहात केला, तिथेच हे कलम वाचून दाखवावं.

मुलीने विचारलं होतं, "मग सर स्वतः ती ओळ कशी वाजवायचे?"

ते वाजवत असताना मी त्यांच्या हातांकडे कधी पाहिलंच नाही. शेजारी बसलेल्या तिच्या बापावर नजर ठेवून होते.

साक्षीदार : १. माझे डॉक्टर (सही) २. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई (सही). दोघांनी माझ्यासमोर, मी दोघांसमोर सही केली.

ठिकाण : राहतं घर. तारीख : ११ फेब्रुवारी.