जितक्या गाड्या तितक्या खिडक्या

सावदा, ३ मार्च १९९७
रोजनिशी लिहायचं नवीन वर्षापासून घोकतोय. धरणगावला वही घेतली, तिच्यावर आजवर फक्त चहाचे कप ठेवले. आज लिहितोच. धुळ्यातला कॉम्प्युटरचा क्लास अर्धा टाकून कुठं कुठं भटकलो, ते नंतर कधीतरी. फारुखभाईंच्या ट्रकमधून इथं आलो. बोदवडला उतरून मी उगाच मालगाड्या बघत बसलो, तर ते बिचारे माझ्यासाठी ताटकळले. केळीचे व्यापारी तोताराम नाना, त्यांच्याकडे मला त्यांनीच चिकटवलं. ऑफिसच्या वर खोली, जेवण नानांच्या वहिनी भिकुबाई अक्कांकडे. भरीत असं, की इथंच म्हातारं व्हावं.

७ मार्च
काम सोपं. दिल्लीला निघालेल्या प्रत्येक केळीच्या गाडीची कॉम्प्युटरच्या पडद्यावर वेगळी खिडकी. पूर्वी गाडीगणिक पाटी टांगायचे आणि पोचल्याचा फोन आल्यावरच पुसायचे. नाना मूळचे धुळ्याकडचे. त्यांनी एकच बजावलं, "गाडी रस्तावर शे तवलोंग तिनी खिडकी बंद करानी नई." का, ते अक्कांनी सांगितलं. एका नव्या माणसानं पाटी आधीच पुसली होती. ती गाडी पुढं कुठल्याच नाक्यावर दिसली नाही. मी हसलो. वाढता वाढता त्यांचा हात थांबला.

१५ मार्च
कंटाळलो. फुली मारली तरी खिडकी नुसती लपते, आत मेमरी खात बसते. मशीन रांगतं. शेवटी एक आज्ञा लिहिली: समोर नसलेली प्रत्येक खिडकी मोडून टाक. मशीन पळायला लागलं. मी दुपारभर झोपलो.

१६ मार्च
खाली बारीक करून ठेवलेली खिडकीही गेली. एकच गाडी रस्त्यावर होती. फारुखभाईंची. नानांना बोललो नाही.

१८ मार्च
गाडी पोचली नाही. बऱ्हाणपूरच्या पुढच्या ढाब्यावर ते वर्षानुवर्षं जेवायचे. ढाबेवाला फोनवर म्हणतो, असा कुणी माणूसच माहीत नाही. त्यांची बायको नसीम ऑफिसच्या पायरीवर बसून होती. जेवली नाही.

१९ मार्च
नानांना सगळं कबूल केलं. त्यांनी विचारलं — कोण फारुख?

२० मार्च
नसीम पुन्हा आली. दारात उभी राहिली. मग मलाच म्हणाली, "मैं किसके लिए आई थी, भाई?"
मी नाव सांगितलं. तिनं नकारार्थी मान हलवली, आणि आल्या वाटेनं परत गेली.

२१ मार्च
मोडलेली खिडकी परत येत नाही. लपवली असती तर —
नवी उघडली. नाव भरलं. गाडीचा नंबर भरला. पुढं काय भरू? हसायचे कसे — आवाज — मलाही धड आठवेना. बाकीचे रकाने कोरेच. तशीच उघडी ठेवलीय.

२२ मार्च, दुपार
खाली ट्रक थांबला. अक्का जिन्यातून सांगतायत, कुणी फारुख म्हणून आलाय, मला विचारतोय. पाणी दिलं तर घेत नाही. नाव सांगतो, गाडीचा नंबर सांगतो. परत नाव, परत नंबर.
विचारलं, दिसायला कसा आहे. अक्का दोन पायऱ्या वर आल्या. मग हळूच म्हणाल्या, तोंडाच्या जागी अजून कोरंच आहे.