बिनपाठीची खुर्ची

रविवार, ८ मार्च
दुपारी, जेवणं उरकून

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. सगळे म्हणजे मी, टिचकी आणि गॅलरीतली ती कुंडी, जिच्यात तीन वर्षांत काही उगवलं नाही आणि तरी तुझी लेक रोज पाणी घालते. तूही ठीक असशीलच. स्वतःच्या तब्येतीची हेळसांड तू कधी केली नाहीस.

बातमी अशी, की आज सकाळी टिचकीने स्वतःच्या हाताने कार सीटची, म्हणजे गाडीतल्या तिच्या छोट्या खुर्चीची, पाठ काढली. सात वर्षांच्या पोरीने! मी फक्त टॉर्च धरला. सविस्तर लिहिते, कारण ‘टिचकी कशी आहे’ असं तू विचारतोस आणि ‘मजेत’ एवढ्या उत्तरावर खूश होतोस.

महिनाभर बघत होते, तिचे खांदे पाठीतल्या, पट्टे ओवायच्या सगळ्यात वरच्या भोकाच्याही वर गेलेत. तिची आई वारल्यावर तू सहा महिन्यांसाठी म्हणून नोकरीला गेलास, तेव्हा ही सीट माझ्या गाडीत बसवून गेलास आणि दुसऱ्या भोकाशेजारी पेनने लिहिलंस, ‘हे मी आल्यावर’. तुझी वाट बघायची तर पोर अजून चार वर्षांचीच ठेवावी लागली असती. ते भोक मी बदललं. त्याच्या वरचंही मीच. आता भोकंच संपली.

म्हणजे पट्टे काढून गाडीचाच बेल्ट लावायची वेळ आली. पुढचा प्रश्न, सीटची पाठ ठेवायची की काढून नुसतं बूड वापरायचं, बिनपाठीचा बूस्टर. मी पाठ ठेवण्याच्या पक्षाची. सतरा वर्षं लोकांच्या लिफ्ट तपासते आहे. जे जागच्या जागी आहे त्याला हात लावू नये, एवढंच माझं तत्त्वज्ञान. तर ही म्हणते, “आत्या, पुस्तिका बघू या ना. तूच सांगतेस, तोंडाची वाफ दवडू नये, कागद दाखवावा.”

पुस्तिका सीटच्या बुडाशी एका खणात असते. टिचकीने हात घातला आणि ती बाहेर ओढली. तिच्यासोबत आणखी काहीतरी आलं. त्याचं नंतर लिहिते.

पुस्तिकेच्या अटी तीन. वजन वीस किलोच्या वर हवं, ते भरलं. कान गाडीच्या हेडरेस्टच्या वर जाता कामा नयेत. टेपने मोजले, खालीच आहेत. तिसरी अट, मुलाला पूर्ण प्रवासभर ताठ बसता आलं पाहिजे. ना पेंगायचं, ना घसरायचं, ना कोणाच्या अंगावर रेलायचं. ही अट आपल्या घराण्यात आजवर कोणी पाळलेली नाही. तू तर लग्नाच्या फोटोतही रेललेला आहेस.

मग पट्टे सोडवले, मागची खिटी दाबली, पाठ आडवी करून ओढली. पहिल्यांदा निघेना. मी हात पुढे केला तर ऐकायला काय मिळालं? “तू टॉर्च नीट धर.” दुसऱ्यांदा खाडकन निघाली. तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं, ते तू बघायला हवं होतंस. टोमणा नाही मारत आहे. खरंच हवं होतंस.

आता त्या ‘आणखी काहीतरी’बद्दल. ते तुझं पत्र होतं.

हो, तीन आठवड्यांपूर्वीच मिळालं. फोनवर आपण दोघं भांडतो म्हणून तू पत्र लिहिलंस, हेही शहाणपणाचंच केलंस. ‘घर घेतलं, शाळा बघितली, अठ्ठावीस मार्चला येतो. तिला तू सांग. आणि तुझी हरकत नसेल तर कायमस्वरूपी घेऊन जातो.’ पाठ झालंय.

“हे बाबांचं आहे,” ती म्हणाली. “तू लपवलंस?”

“लपवलं नाही. ठेवलं होतं.”

“सीटखाली?”

लोकांनी लिफ्टच्या खड्ड्यात लपवलेल्या भानगडी शोधण्यात माझी हयात गेली, आणि मी लपवायला जागा निवडली ती पुस्तिकेचा खण. का, तर सुरक्षेची पुस्तिका कोणी उघडत नाही, हा माझा अनुभव. हिला वाचायला मीच शिकवलं, हे तेवढं विसरले.

तिने पत्र पूर्ण वाचलं. दोन शब्द अडले, ते विचारले. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘हरकत’. दोन्हींचे अर्थ मी नीट सांगितले.

पत्राची घडी घालून तिने ते परत खणात ठेवलं. मग म्हणाली, “पाठीसकट बॅगेत मावणार नाही. काढायलाच लागेल.”

म्हणून ती पाठ निघाली, धाकट्या.

आणि म्हणूनच मी तिसऱ्या अटीवर अडून बसले. म्हटलं, जलतरण तलावापर्यंत जाऊन येऊ, चाळीस मिनिटं. जरा जरी घसरलीस तरी नापास. वाटेत मी तिला हसवलं, मुद्दाम खड्ड्यांच्या रस्त्याने नेलं, झोप यावी म्हणून माझ्या ऑफिसच्या गोष्टीही सांगितल्या. ती वाकली असती तर ‘पोर अजून तयार नाही’ असं तुला आजच कळवणार होते. आरशात बघत होते. मुख्याध्यापिकेसारखी बसली होती. बेल्ट मांड्यांवर, खांदा जिथल्या तिथे.

परतताना म्हणाली, “आत्या, मग इथे कोण बसणार?”

“किराणा.”

“त्याला बेल्ट लाव.”

तर आता नीट वाच. कमरेचा बेल्ट पोटावर नाही, मांड्यांवर खाली. खांद्याचा बेल्ट मानेला घासत असेल तर सोबतची क्लिप लाव. चाळिसाव्या मिनिटानंतर ती पेंगते की नाही, मला ठाऊक नाही. ते तुझं तू तपास. पाठ मी ठेवून घेते आहे. तुझ्या उपयोगाची नाही.

आणि एक. तू बसवलेली सीट तीन वर्षांत तसूभर हलली नव्हती. ‘खुर्ची बसवून बाप होता येत नाही,’ असं तू गेलास त्या दिवशी दारात मी म्हणाले होते. त्यातलं अर्धं मागे घेते. कोणतं अर्धं, ते अठ्ठावीसला जेवताना ठरवू.

लिफ्ट तपासून झाली की मी कागदाच्या तळाशी एक ओळ लिहून सही करते. दुसरं काही नीट लिहिता येत नाही, म्हणून इथेही तीच:

तपासणी स्वतः केली. हरकत नाही.

टिचकीची आत्या,
आणि तू अजून म्हणत असलास तर, तुझी ताई