सतरा मिनिटं पाण्याची बाटली

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्तास कागदावरच). तुझा गुडघा कसा आहे? काका कानातलं यंत्र लावतात की अजून खिशातच ठेवतात? मी ठीक आहे, असं लिहायला बसलो आणि तेवढ्यात तीनदा उठून खिडकीपर्यंत जाऊन आलो.

झालं असं, की बावीस वर्षं मी विद्यापीठात व्हिडिओ तंत्रज्ञान शिकवतोय, म्हणजे फळ्यावर. भिंगाची आकृती मी डोळे मिटून काढतो (एकदा खरंच काढली, मुलं हसली नाहीत, उतरवून घेतली). यंदा विभागप्रमुख बाईंनी ठरवलं, की व्याख्यानं बंद. मुलांनी गट करून खरीखुरी कामं करायची आणि त्यातूनच शिकायचं. बैठकीत सगळ्यात जोरात मान मीच डोलावली. माझ्या गटाच्या वाट्याला एका निवृत्त न्यायाधीशांचं भाषण आलं. सभागृहात जागा अपुरी, म्हणून ते शेजारच्या दालनात पडद्यावर थेट दाखवायचं. कॅमेरा सांभाळणारा विद्यार्थी ऐन वेळी तापाने पडला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरांना येणारच ना! मीही बाह्या सरसावल्या आणि शेजारच्या दीडशे माणसांना सतरा मिनिटं टेबलावरची पाण्याची बाटली दाखवली. बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती. न्यायाधीश मात्र मागे धुक्यात. मी हाताला लागेल ते फिरवत होतो. कधी अंधार व्हायचा, कधी बाटली मोठी व्हायची.

शेवटी गटातली सगळ्यात अबोल मुलगी आली, माझा हात बाजूला केला, भिंगाचं कडं जरासं वळवलं आणि न्यायाधीशांना नाकडोळे आले. नंतर वायरी गुंडाळताना तिने विचारलं, “सर, याआधी कॅमेरा कधी हातात घेतला होता?”

हे मला इतक्या वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं. थाप अगदी ओठांवर होती. “नाही,” मी म्हणालो.

ती गुंडाळतच राहिली. मग म्हणाली, “उद्यापासून आमच्या गटात या. आठ वाजता. उशीर चालत नाही.”

तेव्हापासून मी कॅमेऱ्याची तिवई उचलतो. गटातले एकमेकांना गुण देतात. मला दहापैकी चार पडले (त्यातले दोन वेळेवर आल्याचे). पाय घरात ठरत नाही. फार वर्षांनी सकाळी कुठेतरी लवकर पोचावंसं वाटतं.

तुझा,
भाचा

ता. क. : तू तीस वर्षं लोकांच्या लग्नांचं शूटिंग केलंस. आठ दिवस ये आणि मला शिकव. कुणी विचारलं तर हवापालटाला आलेय म्हण.

ता. क. २ : आईला कळू देऊ नकोस. तिने पुढच्या महिन्यात शेजाऱ्यांच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग माझ्या वतीने कबूल केलंय. कॅमेऱ्यासकट.