निकेलची माती, जंबेरीचा खुंट

अकोला, सोमवार, ता. ९ डिसेंबर १९४०
सकाळचे साडेसहा. पाळीवर जाण्याआधी स्टोव्हवर चहाचे पाणी ठेवून बसलो आहे.

तीर्थस्वरूप मामांच्या पायी शालिकरामचा दंडवत. वि. वि.

तुपाच्या कारखान्यात मी मातीत हात घालून काय करतो, असे आपण विचारले. सरकीच्या तेलात निकेल धातूची काळी भुकटी टाकून वायू सोडला की तेल थिजून तुपासारखे होते. निकेल खर्च होत नाही, गाळून परत मिळते. पण ते नुसते टाकून भागत नाही. त्याचे बारीक कण एका हलक्या पांढऱ्या मातीवर बसवावे लागतात. निकेलचे हिरवे पाणी आणि ती माती सोड्याबरोबर उकळायची, गाळून वाळवायची, मग वायूच्या भट्टीत तापवायची, म्हणजे हिरव्याचे काळे होते. आमचे केमिस्ट केशवरावसाहेब यांनी मला हे शिकवले.

माझा परवाचा घाणा बिघडला. भट्टी जास्त तापली. साहेबांनी समजावले की अशा उष्णतेत कण मातीवरून सरकतात, एकमेकांत शिरतात आणि त्यांचे गोळे होतात. काम करते ती कणाची पाठ. गोळ्याच्या पोटातले निकेल बसून खाते. तेल तेलच राहिले. लढाईमुळे बोटीने येणारे निकेल थांबले आहे. असेच चालले तर मला सरकीच्या आवारात पोती उचलायला धाडतील, असे मॅनेजर म्हणाले. या खेपेस निकेल मातीत असे घट्ट रुतवतो की ते हलणारच नाही.

मामींना नमस्कार. माझी काळजी करू नये; ती मी पुरेशी करतो.

आपला शालिकराम

अमरावती, ता. १३ डिसेंबर

चि. शालिकरामले जानराव मामाचा आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं. मामीले वाचून दाखवलं. तिनं इचारलं का पोट्टा तूप करून राहिला का शाडूचे गनपती. म्या म्हनलं, मलेई अर्धंच समजलं.

पोते उचलाची पाळी येऊन राहिली, तं तिथं कावून थांबतं? आपल्या मळ्यात जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधून कलमं कराचं काम सुरू झालं. खुंट मस्त जोरावर हायेत. माह्या हाताले कंप सुटला, डोळ्यावर केळीच्या सोपटाचा वेढा सरळ बसत नाई. मामीनं तुह्यी खोली सारवून ठेवली. निंघून ये.

तुह्या मामा

अकोला, शुक्रवार, ता. २० डिसेंबर

तीर्थस्वरूप मामांस दंडवत.

दुसराही घाणा गेला, आणि अगदी उलट रीतीने. साहेबांनी थोडाच वेळ उकळायला सांगितले होते. कण सुटू नयेत म्हणून मी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत उकळत ठेवले. भट्टीत घातले तर काळे होईचना; हिरवट राखेसारखे राहिले. साहेब रागावले नाहीत. चिमूट तळहातावर घेऊन म्हणाले की मातीने निकेल गिळले, आता ते मातीचेच झाले. सैल बसले तर गोळा होतो, फार घट्ट बसले तर असून नसल्यासारखे. मधली जागा कुठे, असे मी विचारले. पुस्तक जवळपास नेऊन सोडते, पुढचे भट्टीपाशी उभे राहूनच कळते, असे ते म्हणाले.

मंगळवारी शेवटची संधी देणार आहेत. पण माझी छाती होत नाही. उरलेले निकेलही माझ्याच हातून नासले तर? सोमवारच्या गाडीने येतो. मामींना सांगावे.

आपला शालिकराम

अमरावती, ता. २१ डिसेंबर

चि. शालिकरामले आशीर्वाद.

येऊ नको. गाडीवर जानाऱ्या मानसाच्या हातीच हे चिठ्ठी देऊन राहिलो.

तू लहान होता तवाची गोष्ट. पहिल्यांदा डोळे बांधाले बसला, तं डोळा पडन म्हनून सोपट करकचून आवळलं. वरून रोज संध्याकाळी जाऊन अजून आवळे. सारे काळे पडले. डोळा खुंटाले भिडला पाह्यजे, पन त्याचा गळा नाई दाबाचा. त्याले फुटाले जागा पाह्यजे. दुसऱ्या सालचे तुह्ये डोळे असे फुटले का गिऱ्हाईक तेच कलमं मांगे. थे म्या शिकवलं नोतं, तुह्या बोटाईले समजलं. तुह्यी भट्टी मले समजत नाई. पन तुह्ये बोटं मले मालूम हायेत.

अन् आयक. हाताले कंप हाये, पन थोडासाच. वेढे आपला गडी पुंजाराम चांगले बांधते. तू यावा म्हनून लिवलं होतं. थेई आवळनंच झालं. मामीनं खोलीत आता लसून पसरवला.

तुह्या मामा

अकोला, गुरुवार, ता. २६ डिसेंबर

तीर्थस्वरूप मामांस व मामींस दंडवत.

मंगळवारी साहेबांनी सांगितले तेवढेच उकळले. भट्टीत हिरव्याचे काळे झाले. आणखी थोडे राहू द्यावे, म्हणजे पक्के होईल, असे मन सारखे म्हणत होते. हात वायूच्या चावीवर होता. आपले सोपट आठवले आणि भट्टी बंद केली. संध्याकाळी ती काळी भुकटी तेलात घालून वायू सोडला आणि तेल गाळून डब्यात भरले.

काल सकाळी डबा उघडला. तेल थिजून पांढरे झाले होते. साहेबांनी बोट दाबले, ठसा तसाच राहिला.  पुढच्या घाण्यासाठी माती काढून ठेव, असे म्हणाले. मी पटकन दुसरीकडे पाहिले.

मामींसाठी डबाभर पाठवतो. त्याला तूप म्हणायचे की नाही ते त्यांनी ठरवावे. लसूण निघाला की खोली रिकामी ठेवावी, बहरात चार दिवस येईन.

लोभ आहेच. तो असाच, डोळ्याला फुटता येईल इतका सैल बांधलेला असू द्यावा.

आपला
शालिकराम