लुंबिनीची पावलं

बिलोली, ९ नोव्हेंबर २०२५

चि. रूपालीस संघपालदादाचा सप्रेम जयभीम.

वि. वि. तुझी सुजातावहिनी गेल्यापासून फोनवर बोलायला बसलो की तिचाच विषय निघतो, म्हणून कागद घेतला. पण खबर आनंदाची आहे! लुंबिनी अकरावीला तुझ्याकडे आली आणि दिवसभर पलंगावर. क्लास मोबाइलवर, करमणूकही मोबाइलवर. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. चालली नाही तर क्लास सोडवून घरी आणीन, असं मी बजावलं होतं. आता बघ! माझ्या आणि तिच्या फोनमध्ये एकमेकांची दिवसभराची पावलं मोजलेली दिसतात. पोरगी सकाळ-संध्याकाळ नुसती पळून राहिली! कार्यालयात शेषेरावांना दाखवलं. ते म्हणाले, पोलीस भरतीत जाणार ही. किती दिवसांनी हसलो. तिला दूध वाढव. माया आहे तशीच असू दे.

तुझा दादा

लातूर, १४ नोव्हेंबर

आदरणीय दादांस रूपालीचा जयभीम.

हसू की रडू कळेना. दादा, लुंबिनी चालत नव्हती, शेजारच्या सिद्धम्माकाकूंची शेळी चालत होती! तुमच्या लेकीनं फोन पिशवीत शिवून शेळीच्या गळ्यात बांधला आणि आपण माझ्या टॅबवर मालिका बघत लोळली. काकूंना सांगितलं, दृष्ट लागू नये म्हणून बांधलंय. आपल्या घरात कुणी दृष्ट मानतं का हो?

परवा शेळीनं दावं तोडलं आणि फोनसकट सुटली डाळमिलच्या दिशेनं. मागं लुंबिनी अनवाणी, तिच्यामागं काकू, काकूंमागं मी! पोरं ओरडत होती, ताई डावीकडं, ताई उजवीकडं. काकू म्हणे, फोन मरू दे, माझी शेळी धर. आणि धरली हो तिनं! तोंड लालबुंद, केसात तुरीचा भुसा. त्या दिवशी वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली. लई रागवा, पण तिला नेऊ नका. बहिणीचा एवढा शब्द राखा.

तुमची रूपाली

लातूर, १५ नोव्हेंबर

प्रिय पप्पांना लुंबिनीचा जयभीम.

आत्यानं कळवलंच असेल. शिक्षा द्या. पण मलाही तुमची पावलं दिसतात, पप्पा. कार्यालय, घर, खुर्ची. रविवारी तर काहीच नाही. एकदा माझा फोन चुकून काकूंच्या टोपलीत राहिला आणि शेळीबरोबर फिरून आला. संध्याकाळी तुमचा मेसेज, शाब्बास लुंबी! आई गेल्यापासून तुम्ही मला शाब्बास म्हणाला नव्हतात. मग रोजच बांधायला लागले.

आता काकूंच्या मुलीबरोबर, अंजूबरोबर, मैदानावर खरंच पळते. काल तिला गाठलं! फोन घरी ठेवते, त्यामुळे तुम्हाला काहीच दिसणार नाही. विश्वास ठेवाल? मला इथंच राहू द्या. रागातही आठवण काढा.

तुमची लुंबिनी

बिलोली, २० नोव्हेंबर

चि. लुंबिनीस अनेक आशीर्वाद.

बेटा, राग आला होता. पिशवी भरून तुला आणायला निघालोही होतो. स्टँडवर लातूरची गाडी लागली नव्हती, बाकावर बसवेना. चालू लागलो ते तुझी आई आणि मी फिरायला जायचो त्या रस्त्याला. थोड्या वेळानं गाडी मागून आली. कंडक्टरनं थांबवून विचारलं, लातूर का. मी हातानंच जा म्हणलं आणि पुढं चालत राहिलो.

फोन घरीच विसरला होता. तेव्हा तुलाही माझ्यावर विश्वासच ठेवावा लागेल. तू तिथंच राहा, आणि अंजूला पुढं जाऊ देऊ नको. शाब्बास.

तुझा पप्पा