नवा हब, जुनी मालकीण

४ मार्च
घराचा स्मार्ट हब गेला. सकाळी लाल दिवा लुकलुकला, दुपारी तोही विझला. दिवे, पडदे, गीझर, दाराचं कुलूप, सगळी त्याच्याच हुकमात होती. आता कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही.
ही तिच्या बहिणीकडे आहे. थोडे दिवस, हवापालट म्हणून. शिलाई मशीनही नेलंय. वेळ जायला काहीतरी लागतंच. ती यायच्या आत घर नव्या हबवर चढवायचं. येईल आणि बघतच राहील.

५ मार्च
नवा हब आणला. दुकानदार म्हणाला, दहा मिनिटांचं काम आहे. मला पाच पुरतील.
अ‍ॅपने पहिलंच विचारलं, घरात सदस्य किती? दोन लिहिले. मग म्हणालं, उपकरणं जुन्या मालकाच्या खात्यात आहेत, त्यांनी ‘सोडा’ बटण दाबावं. मालक म्हणजे ही. जुना हब बसवला तेव्हा माझा फोन चार्जिंगला होता, म्हणून तिला म्हटलं होतं, तू नुसतं ओके ओके करत जा.
एक फोन केला की काम झालं. पण एवढ्याशा गोष्टीसाठी तिला कशाला त्रास? एकेक उपकरण हाताने रीसेट करणार.

७ मार्च
बल्ब रीसेट करायला बटण भराभर चालू-बंद करावं लागतं. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांचा फोन आला, सगळं ठीक आहे ना, मदत हवीय का. मदत! मला!
दोन बल्ब नव्या हबवर आले. तिसरा जांभळा झाला तो झालाच. जांभळ्या उजेडात डोळ्यांना बरं वाटतं.

८ मार्च, सकाळी ७
गीझर चुकून ‘पडदा’ म्हणून जोडला गेलाय. ‘पडदा उघड’ म्हटलं की पाणी तापतं. बाथरूमचा बल्ब अजून जोडायचाय, म्हणून अंधारात आंघोळ केली. सवय झाली की सोपं आहे.
दाराबाहेरचा दिवा आणि कुलूप मात्र हाताने सुटत नाहीत. त्यांना मालकच लागतो. हिचा फोन गेटपाशी आला की तो दिवा आपोआप लागायचा. माझीच कल्पना. अख्खी सुट्टी घालवली होती त्यावर. ही तेव्हा म्हणाली, त्यापेक्षा उठून दार उघडलंत तर? तिला टेक्नॉलॉजीचं कौतुक कमीच.

११ मार्च
मुलाचा फोन. आईशी बोललात का, म्हणाला. म्हटलं, बोलणारच आहे. आईने तिकडे एका बुटीकमध्ये काम धरलंय, म्हणाला. मी त्याला हबची रेंज भिंतींमुळे कशी कमी होते ते समजावलं. बरं म्हणून त्याने फोन ठेवला. पटलं असावं.

१३ मार्च
कुलपाने मलाच बाहेर ठेवलं. बॅटरी संपली होती आणि चावी आत. चावीवाला येईपर्यंत पायरीवर बसलो. वॉचमनने स्वतःचं स्टूल आणून दिलं. वहिनींनी जाताना त्यांचं टपाल बहिणीच्या पत्त्यावर पाठवायला सांगितलंय, म्हणाला. ही पहिल्यापासून व्यवस्थित.
दार उघडल्याच्या आनंदात स्टूलही आत आणलं. उद्या देऊ.

१५ मार्च, संध्याकाळी ६
हिला फोन करायचा. क्रम ठरवलाय: आधी तब्येत, मग बहिणीची चौकशी, मग सहज, कधी येतेस. हब शेवटी, तोही जाता जाता.

१५ मार्च, ६.१०
हबपासूनच सुरुवात झाली. ती सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, एवढ्यासाठीच फोन केला का? मी हो म्हणालो. विचारलं की नेमकं उत्तर द्यायची माझी सवय आहे.
मग म्हणाली, सगळीच सोडू का? म्हटलं, सगळीच, त्याशिवाय पुढे सरकत नाही. दाबलं तिने बटण. एका क्षणात झालं.
कधी येतेस ते विचारायचं राहिलं.

१६ मार्च
सगळी उपकरणं आली! गीझरही गीझर झाला. फत्ते!
फक्त अ‍ॅप दाखवतंय, सदस्य: एक. दोन करायला गेलो तर म्हणे दुसऱ्या सदस्याने निमंत्रण स्वीकारायला हवं. हिला पाठवलं. बुटीकमध्ये फोन बघायला वेळ मिळत नसेल.

१९ मार्च
निमंत्रण तिने पाहिलंय. तशी खूण आलीय. उत्तर नाही.
दाराबाहेरचा दिवा काही लागत नाही. बल्ब तपासला, वायर तपासली. दोन्ही ठणठणीत.
घर फार शांत आहे. पडदे सरकल्याचा आवाजही मोठा वाटतो.

२० मार्च
वॉचमनच्या स्टूलवर चढून तो बल्ब काढला, साधा बसवला. बटण दाबलं की लागतो. सकाळपासून चालूच ठेवलाय. आणि आता बेल वाजली की दार मी स्वतः उठून उघडणार. कुलपाचं अ‍ॅप बंद.

२० मार्च, संध्याकाळी
बेल वाजली. चष्मा राहिला, चप्पल राहिली, तसाच धावलो. स्वतः दार उघडलं.
वॉचमन होता. लांबून दिवा दिसला, वाटलं वहिनी आल्या, म्हणाला.
नाही, म्हणालो.
मग त्याने त्याचं स्टूल मागितलं. दिलं.