साळूबाईंचं मंगळसूत्र

४ नोव्हेंबर, सांगली
आले बाई एकदाची! वाई सुटली, स्कॅन सेंटरची नोकरी लागली, खोलीही छान. घरमालकीण सुंदरीकाकूंनी चहासोबत चौकशाही पाजल्या. नवरा फौजेत, मग गळा मोकळा का? म्हटलं, मशीनपाशी मी मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवते. त्यांना पटलं नाही. न पटू दे!

७ नोव्हेंबर
कुंडलच्या साळूबाई आल्या. स्क्लेरोडर्मा. शरीर स्वतःवरच उलटतं, कातडी आवळत जाते, मग फुप्फुसंही. बोटं पांढरी, वाकडी. तोंड पुरतं उघडत नव्हतं. छातीचा सीटी स्कॅन, म्हणजे गळ्यातलं दोन वाट्यांचं मंगळसूत्र काढायला हवं. ट्रेमध्ये ठेवू देईनात. त्यांच्यात ते खाली ठेवत नाहीत, दुसऱ्या सवाष्णीच्या गळ्यात देतात. म्हणाल्या, "घाल गं लेकी, तवर तुज्या गळ्यात ऱ्हाऊ दे." सोबत दुसरी बाई नाही, फक्त त्यांचे मालक, नाथाजी. मग काय, घातलं. स्कॅनमध्ये फुप्फुसांच्या तळाशी मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसली. वाईट वाटलं. मंगळसूत्र परत दिलं, तर माझ्या गालावरून हात फिरवला. गारठलेला.

१३ नोव्हेंबर
एसीत माझी बोटं पांढरीफटक पडली. हातमोजे आणायला हवेत.

१९ नोव्हेंबर
साळूबाई गेल्या. नाथाजी सांगायला आले होते. म्हणे शेवटी एकच धोशा, माझं मंगळसूत्र त्या पोरीकडं ऱ्हायलंय. "गळ्यातच हुतं की वं तिच्या," म्हणाले आणि रडले.

२८ नोव्हेंबर
अंगठी निघत नाही. घास घ्यायला तोंड उघडत नाही, काकू भाकरी दुधात कुस्करून देतात. डॉक्टर म्हणाले, इतक्या झपाट्यानं कधी पाहिलं नाही. नवऱ्याला काय सांगू? मला जगायचंय हो.

५ डिसेंबर
जिना चढवेना. माझाच स्कॅन. अंगठीही कापून काढलेली, अंगावर धातूचा कणही नव्हता. जाळी आहे. आणि गळ्याखाली दोन वाट्या, पांढऱ्याशुभ्र. माझ्या मंगळसूत्राला वाट्याच नाहीत! डॉक्टरांनी पुन्हा स्कॅन केला. वाट्या खाली सरकलेल्या. आत. छातीच्या आत—

६ डिसेंबर
काकूंनी माझं मंगळसूत्र माझ्या गळ्यात घातलं. असू दे म्हणाल्या. काही उपयोग नाही—

९ डिसेंबर
परत स्कॅन. पेन मुठीत धरलंय. श्वास— पुरत नाही. माझ्या जागी संयोगिता लागलीय, नवी नवरी. तिचाही गळा मोकळा. माझ्या गळ्यातलं हे तिच्या गळ्यात जायला नको. ट्रेमध्येच ठेवायचं. ट्रेमध्ये. देवा—
ती विचारतेय, ताई, मंगळसूत्र कुठं ठेवू? ट्रे म्हणायचंय. तोंड उघडत ना— हात लिहितोय, मी नाही—
घाल गं लेकी, तवर तुज्या ग